परत मागवलेलं तट्टू

मिशनने मला एक तट्टू दिलं होतं. घाटनांदूर, धर्मापुरी, सिरसाळा अशी माझी उपदेशकाची फिरती. औषधांची पेटी, पुस्तकांची थैली आणि वळकटी तट्टाच्या पाठीवर, आणि वर मी. एका उपवासकाळात माझ्या डोक्यात आलं, की नम्रतेचा उपदेश करणाऱ्याला असं ऐटीत फिरणं शोभत नाही. प्रभू पायी फिरला. तो एकदा गाढवावरही बसला होता, हे मला सोयीने आठवलं नाही.

मी मिशनच्या साहेबांना चार पानी पत्र लिहिलं आणि तट्टू धाडून दिलं. साहेबांनी ते पत्र महिन्याच्या सभेत सगळ्या उपदेशकांपुढे वाचून दाखवलं. मी मान खाली घालून बसलो होतो. कान मात्र टवकारलेले होते.

पुढच्या फेरीला पेटी उचलायला वाकलो, तोच बाबांनी ती हिसकावून घेतली. आमच्या वस्तीत सगळ्यांत आधी बाप्तिस्मा घेतलेला हा म्हातारा.

"तुमी वज्जं उचलायचं आन् आमी बगत ऱ्हायचं? लोक आमच्या तोंडात शेण घालतील, मास्तर."

पेटी डोक्यावर, थैली खांद्याला, वळकटी बगलेत. बाबांचा जन्म तहसीलदाराचं सामान वेठीने वाहण्यात गेला होता. ख्रिस्ती झाल्यावर ते सुटेल अशी त्यांची समजूत होती. ती मीच करून दिली होती. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना मी त्यांच्याशी भांडलो, मग भांडेनासा झालो. हात मोकळे असले की चालताना उपदेशाचे मुद्दे चांगले सुचतात.

धर्मापुरीला एकदा मी नम्रतेवरच बोललो, आणि झकास बोललो. परतताना बाबा ओढ्याकाठी टेकले ते उठेनात. धोतर वर केलं तर गुडघा मडक्यासारखा सुजलेला.

"मास्तर, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा, बाबा."

"तट्टू कावून धाडलं वो?"

"अंगी नम्रता यावी म्हणून."

बाबांनी गुडघा चोळत जरा विचार केला. "मंग आली का?"

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. बाबाच पुढे म्हणाले,

"आली आसंल, तर तट्टू आना की परत. गुडगा लई ठणकतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटी मी डोक्यावर घेतली. कोसभर गेल्यावर कळलं ती किती जड आहे. बाबा मागून लंगडत येत होते आणि कोणी पाहील म्हणून सारखे इकडेतिकडे बघत होते.

साहेबांना दुसरं पत्र दोन ओळींचं लिहिलं. त्याला तीन दिवस लागले. साहेबांनी तेही सभेत वाचलं, आणि या वेळी सगळे हसले.

तट्टू आलं. निघताना पाहिलं, बाबा गुडघ्याला एरंडाची पानं बांधून दारात पाय पसरून बसले होते. पुढे वेशीपाशी एक जण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मास्तरचे पाय दमले बे इतक्यात!" बाबांच्या गुडघ्यासाठी तट्टावर बसलोय, हे सांगायला माझी जीभ नुसती वळवळत होती. सांगितलं नाही. जन्मात तेवढी एकच नम्रता मला साधली. इतकी वर्षं पोटात ठेवली होती, तीही आज इथे लिहून घालवली.