आमची कुठेही शाखा नाही

पुण्यात दुकानाच्या पाटीवर ‘आमची कुठेही शाखा नाही’ असं लिहायची जुनी खोड आहे. गिऱ्हाईक चुकू नये ही काळजी त्यात कमी, आणि पलीकडचा खोटा आहे हे परस्पर सांगायची हौस जास्त. आमच्या घरात ही पाटी एकाच हंगामात दोन फाटकांवर लागली. एका फाटकावर माझ्या वडिलांनी लावली, दुसऱ्यावर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने. मध्ये एक नवी भिंत होती, तिचा गिलावाही वाळला नव्हता.

धायरी हे गाव होतं तेव्हा त्या जागेवर आमचं खळं होतं. मग गाव शहरात गेलं, चहूबाजूंनी सोसायट्या उगवल्या, आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि चुलते, म्हणजे तात्या, यांनी खळ्यावर मंगल कार्यालय बांधलं. एक मोठा हॉल, मागे लॉन. अप्पांना मी एकटीच. तात्यांना एक मुलगा, माझ्याहून लहान. तो घरात कार्यालयाचा वारस म्हणून वाढला आणि मी हुशार म्हणून वाढले. लेकीला हुशार म्हणण्यात कुणाचं काही जात नाही.

लग्नानंतर मी खराडीला राहायला गेले. तिथल्याच एका कंपनीत काम करते. आमचं काम लोकांच्या वेबसाइट इंटरनेटवर शोधताना वर दिसतील असं बघायचं. त्यातली एक नेहमीची कटकट म्हणजे एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर सापडणं. सर्च इंजिन गोंधळतं, यातलं खरं कुठलं ते त्याला कळत नाही. मग पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला दिसणार नाही अशी, एक ओळ लिहायची, की या मजकुराचं मूळ पान अमुक पत्त्यावर आहे. तिला कॅनॉनिकल म्हणतात. ती वाचून सर्च इंजिन बहुतेक वेळा मूळ पान लोकांपुढे करतं आणि नक्कल मागे ठेवतं. ही ओळ मी नोकरीत इतक्यांदा लिहिली आहे की तिच्याबद्दल मनात काही येणं केव्हाच बंद झालं होतं.

कार्यालयाची वेबसाइट मीच केली. शनिवार-रविवार धायरीला जाऊन फोटो काढले, मजकूर लिहिला. ‘इथे पूर्वी आमचं खळं होतं. मी याच मांडवातून सासरी गेले,’ अशी तिची सुरुवात होती. लोकांना ती आवडली. चौकशीचे फोन माझ्याच नंबरवर येत. ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडा ठेवून मी वऱ्हाडाला खोल्या किती, आचारी बाहेरचा चालेल का, गाड्या कुठे लावायच्या, हे सांगत बसे. नवरा म्हणे, तुझा चेहरा कंपनीत कधी असा फुलत नाही. खरंच होतं ते. एकदा अप्पांना म्हटलं, नोकरी सोडते आणि कार्यालय बघते. ते म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्या वेळी मी त्याचा अर्थ ‘बघू’ असाच घेतला.

भांडण आचाऱ्यावरून झालं. अप्पांचा एक, तात्यांचा एक. एवढ्याशा गोष्टीवरून सख्खे भाऊ वेगळे होतात का, असं विचारणाऱ्यांनी आमच्या भावकीत एकदा पंगतीला बसावं. वाटणी झाली. हॉल अप्पांकडे, लॉन तात्यांकडे, नाव दोघांनीही तेच ठेवलं.

वाटणीआधी आत्याला बोलावून घेतलं. आमच्याकडे जमिनीची वाटणी निघाली की लेकी-बहिणींकडून हक्कसोड करून घेतात. म्हणजे माझा हिस्सा मी भावांसाठी राजीखुशीने सोडते, असं सरकारी कचेरीत लिहून द्यायचं. कायदा लेकीला भावाइतकाच हिस्सा देतो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर लिहून घेतात. आत्या सही करून आली, पुरणपोळी जेवली, आणि जाताना तिची ओटी भरून साडी दिली. मी स्वयंपाकघरात तिला गाठून विचारलं, “का केलीस सही?” ती म्हणाली, “न्हाई केली तर माहेर तुटतं, पोरी. सनावाराला यायचं कुठं मंग?” मला तिचा राग आला. मी शिकलेली आहे, माझ्यावर ही वेळ यायची नाही, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं.

भिंत उभी राहिल्यावर चुलतभावाने आपली वेगळी वेबसाइट काढली. काढली म्हणजे माझी उचलली. फोटो माझे, मजकूर माझा, फक्त फोन नंबर त्याचा. ‘मी याच मांडवातून सासरी गेले’ हेही तसंच. एके दिवशी दोन्ही फाटकांवरच्या पाट्यांवरून पत्ते टिपून नेलेल्या कोथरूडच्या एका बाईंचा फोन आला. अत्यंत शांतपणे म्हणाल्या, “अहो, दोन्ही साइटवर एकच मुलगी सासरी गेलेली दिसते. आपण त्यातल्या कुठल्या?” मी म्हटलं, गेलेली मीच. त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत, त्या दुसऱ्या गृहस्थांचा आवाज जरा जाड होता.”

मी त्याचं पान आतून उघडून पाहिलं आणि ऑफिसात एकटीच हसत सुटले. माझ्या पानांच्या पोटात, मूळ पान हेच, अशी ती ओळ मी सवयीने लिहिली होती; त्याने उचलताना तीही उचलली होती. म्हणजे त्याच्या वेबसाइटचं प्रत्येक पान सर्च इंजिनला हात जोडून सांगत होतं की मी नक्कल आहे, मूळ पान माझ्या ताईकडे आहे. अख्खी लग्नसराई तो शोधात कुठे सापडला नाही. मी काही केलं नव्हतं आणि काही बोललेही नाही. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

मग त्याचं लग्न ठरलं. थोरला चुलता मांडवात नसेल तर लोक काय म्हणतील, म्हणून तात्या फाटकातून आत आले. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. मांडव दोन्हीकडे पसरायचा म्हणून भिंत मधोमध फोडली आणि लग्नानंतर ती कुणी बांधली नाही. मला मनापासून आनंद झाला, हे लिहून ठेवते. पुढच्या रविवारी अप्पांचा निरोप आला, “ये, आणि येताना लॅपटॉप आण.”

बैठकीत तात्या, अप्पा आणि चुलतभाऊ. आई आणि काकू आतल्या दाराशी.

तात्या म्हणाले, “पोरी, तू ह्येच्या साइटवर कायतरी करून ठिवलं व्हतंस. पोराचा एक हंगाम बुडवलास.”

“मी काही केलं नाही, तात्या. त्याने माझी साइट उचलली, तेव्हा माझी ओळही उचलली.”

“मंजे वळ तुझीच हाय ना?”

चुलतभाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “ताई, चिल. एका फ्रीलान्सरला दाखवलं मी, माझ्याकडची लाइन काढलीये. आता कार्यालय एकच आहे, तर दोन साइट कशाला? डुप्लिकेट कंटेंटने रँकिंग जातं. तूच लोकांना शिकवतेस ना? तुझ्या सगळ्या पेजेसवर माझा अॅड्रेस टाक. ओरिजिनल माझं.”

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं आणि मला त्याचाच जास्त संताप आला.

“मग उलट करू,” मी म्हटलं. “तुझी पानं माझ्याकडे वळव. माझी साइट जुनी आहे, लोकांना माहीत आहे.” मी अप्पांकडे वळले. “अप्पा, कार्यालय मी सांभाळते. मागेही म्हटलं होतं.”

“तुझं घर खराडीला हाय,” अप्पा म्हणाले.

“नोकरी सोडते. रोज येते.”

“येड्यावानी बोलू नको. पुतन्या असताना लेकीच्या हातात कार्यालय दिलं म्हनून गाव थुकंल तोंडावर.”

मला कार्यालयाहूनही एक छोटी गोष्ट हवी होती. साइट हिने उभी केली, एवढं त्यांनी त्या दोघांसमोर म्हणावं. तेवढ्यावर मी उठून गेले असते. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “लाव ती वळ. सगळ्यांदेखत लाव, मंजे इषय मिटंल.”

सगळी साइटच पुसून टाकायची ताकद माझ्या हातात होती. दोन बटणांचं काम. पण दाराशी आई उभी होती, येत्या दिवाळीला मला याच दारातून आत यायचं होतं, आणि आत्याचं ते वाक्य कानात वाजत होतं. मी लॅपटॉप उघडला. एकेका पानात जाऊन लिहिलं, याचं मूळ पान तिकडे आहे. हॉलच्या पानात, लॉनच्या, खळ्याची गोष्ट होती त्याही पानात. मला अप्पांचा राग आला होता, पण त्याहून जास्त माझ्या बोटांचा. सवयीमुळे ती एकदाही चुकली नाहीत.

झालं म्हटल्यावर चुलतभावाने आपल्या मोबाइलवर तपासून पाहिलं. मग आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली, काकूने माझ्या ओटीत तांदूळ आणि नारळ घातला, आणि आईने वर साडी ठेवली. “लेकीला रिकाम्या हाती पाठवत न्हाईत,” काकू म्हणाली. साडी लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या पिशवीत होती, पिशवी कोरी करकरीत. म्हणजे मी खराडीहून निघण्याआधीच ही खरेदी झाली होती. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

माझी वेबसाइट अजून आहे. पत्ता माहीत असेल तर उघडते, फोटो तसेच आहेत. पण शोधणाऱ्याला ती आता दिसत नाही आणि माझा फोन वाजत नाही. डबा मी गरम असतानाच संपवते. चुलतभावाने मजकुरात एकच बदल केला. ‘आमच्या घरची लेकही याच मांडवातून सासरी गेली,’ असं आता तिथे आहे. वाक्य आधीपेक्षा बरं वाटतं, असं माझ्या नवऱ्याचं मत पडलं. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

आत्याला कुणाकडून तरी कळलं. तिला वेबसाइट म्हणजे काय ते नीट माहीत नाही, कॅनॉनिकल तर दूरच. तिने फोन केला आणि एकच विचारलं, “कंच्या रंगाची दिली?”

“हिरवी,” मी म्हटलं.

“माजी बी हिरवीच हाय,” ती म्हणाली. “कपाटात पडलीय. घडी मोडली न्हाई अजून.”