बांडे बैल

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्याची सुरुवात राधानगरी तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलातल्या इतिहासाच्या सरांपासून होते. आमच्या घरात माझ्या आधी, वडील म्हणजे आबा धरून, कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मीही फार टिकलो नसतो. पण आठवीत सरांनी वर्गाच्या मागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं एक चित्र काढलं. एक माणूस बैलांनी नांगरतोय आणि मागून त्याची बायको बी टाकत चालली आहे. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मिसर देशातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, एका थडग्यातलं आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचं. इतिहास म्हणजे नुसते राजे नव्हेत रे, तुझे आईबापही त्यात आहेत." त्या दिवसापासून मला शाळा आपली वाटू लागली. पुढे कॉलेज, बीकॉम आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात नोकरी, हे सगळं त्या भिंतीपासून सुरू झालं.

दोन हजार सालानंतर एका वर्षी कारखान्यानं जास्त पंप विकणाऱ्या दुकानदारांना इजिप्तची सहल बक्षीस दिली. इंग्रजी बोलणारा कोणीतरी सोबत हवा, म्हणून मला पाठवलं. निघण्याआधी मी गावी जाऊन सरांच्या पाया पडलो. सर तेव्हा निवृत्त झाले होते, पण दर मे महिन्यात शाळेत जाऊन ते चित्र स्वतः पुन्हा रंगवत. ते म्हणाले, "मी ते पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून काढलं. रंग मनानं दिले. पांढरे बैल, निळं आभाळ. आता हात कापतो. यंदाचं शेवटचं. एकदा खरं रंगवू दे. नीट बघून ये."

एवढंच काम होतं. बाकी सहलीशी मला काही देणंघेणं नव्हतं, आणि ती सुरू झाल्यावर तर मुळीच राहिलं नाही.

लक्सरला नाईलच्या पलीकडच्या काठावर सगळी थडगी आहेत आणि अलीकडे कर्नाकचं मोठं देऊळ. सकाळी थडगी, दुपारी देऊळ, असा एका दिवसाचा कार्यक्रम होता. आमचा गाइड गॉगल डोक्यावर चढवलेला, अत्तर लावलेला इसम होता. त्यानं परस्पर आमचं नाव 'महाराजा ग्रुप' ठेवलं. कोणी मागे राहिलं की तो "महाराजा! महाराजा!" अशी हाक मारी आणि आमच्यातले सगळेच पुरुष वळून बघत. पाठ केलेले विनोद तो दर दहा मिनिटांनी सोडी, आणि मी ते मराठीत सांगायचे. सांगितल्यावर कोणी हसत नसे. मग तो माझ्याकडे असा बघे, जणू विनोद मीच नासवला.

तिकिटांच्या खिडकीशी मी त्याला सरांच्या चित्रातल्या थडग्याबद्दल विचारलं. ते राजाचं नाही. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची जी वस्ती होती, तिथल्या एकाचं आहे. गाइडनं नाक मुरडलं. "ते कार्यक्रमात नाही. लहान खोली आहे. तिथं कोणी जात नाही."

त्याचं तिकीट याच खिडकीवर मिळतं आणि पुढे कुठे मिळत नाही, असं मी वाचून गेलो होतो. मी ते एक तिकीट काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दिवसभर हात तिथंच जात होता.

राजांच्या दरीत बस थांबली. उन्हानं डोंगर नुसता भाजून निघाला होता. आमचा म्होरक्या म्हणजे कोल्हापुरातला एक दुकानदार, त्याला सगळे मालक म्हणत. तो उतरताच म्हणाला, "ह्यापेक्षा आमच्या कोल्हापुरातली फौंड्रीची भट्टी बरी की." त्याची बायको मात्र जागची हलली नाही.

"ही थडगी हाईत व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"होय, वहिनी. राजांची."

"मग मढ्याच्या घरातनं निघून दुपारी देवळात जायाचं? आंघुळ न करता?"

मी गाइडला सांगितलं. तो हसून म्हणाला, आत काही नाही, ममी केव्हाच वस्तुसंग्रहालयात नेल्या. मी तेही वहिनींना सांगितलं.

"मढं न्हाय, तर मग दावतोय तरी काय ह्यो?"

मालक म्हणाले, "अगं, तीन हजार वर्सं झाली. सुतक फिटलं की."

"तुमच्या मामाच्या तेराव्याला तुमी असंच म्हनलावता."

गडहिंग्लजकडचे एक लिंगायत दुकानदार होते, अण्णा. ते काठी आपटत उठले. "आमच्यात सुतक पाळत न्हाईत, वैनी. मी चाललो."

"जावा की. पर परत येऊन माझ्या शेजारी बसू नगा म्हंजे झालं."

निम्मी मंडळी एसी लावलेल्या बसमध्ये भडंग खात बसली. निम्मी आत गेली आणि मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात जलद दर्शन घेऊन बाहेर आली. आतल्या भिंतींवर डोकं फिरेल इतकं काम आहे. एकानं मान वर न करता विचारलं, "ह्यास्नी लाइटबिल किती येत आसंल?" दुसरा पायऱ्या चढताना म्हणाला, "काय न्हाय, नुसती भुयारं." वर आल्यावर दोघांनी दरीच्या पाटीशी उभं राहून फोटो काढून घेतले. माणसं कष्टाळू होती, धंद्यात तरबेज होती. पण जगात आपल्या दुकानापलीकडे काही असू शकतं, याचा त्यांना मनापासून राग यायचा.

शेवटी ठराव झाला. हॉटेलवर जाऊन सगळ्यांनी आंघोळी करायच्या, मगच देऊळ. गाइडच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं दुखणं मला उशिरा कळलं. वाटेत दुधी दगडाच्या वस्तूंचं एक दुकान होतं आणि तिथं त्याचा वाटा होता. सरळ हॉटेल गाठलं तर ते दुकान बुडत होतं. त्यानं भीत भीत विचारलं, आधी पाच मिनिटं दुकानात जाऊ या का?

मला वाटलं, वहिनी आता त्याला झोडपतील. त्या म्हणाल्या, "दुकानाला काय सुतक आसतंय?"

दुकानात पांढऱ्या फुलदाण्यांमध्ये बल्ब पेटवून ठेवले होते. सकाळपासून मरगळलेली माणसं एकदम जिवंत झाली. एकीनं फुलदाणीवर टिचकी मारून बघितली. मालकांनी दुकानदाराच्या खांद्यावर हात टाकला. मी भाषांतराला पुढे झालो, तर मालकांनी मला कोपरानं बाजूला सारलं.

"सरक तिकडं. बोल रे पावणं, कितीला देतोस? खरं सांग हां, आमी बी दुकानदारच हाय."

तो अरबीत काही बोलला. मालक कोल्हापुरीत बोलले. दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. राजांच्या थडग्यात ज्यांना माझ्यावाचून एक पाऊल पुढे जाता येत नव्हतं, त्यांना इथं माझी काडीची गरज नव्हती. मी अण्णांना सांगितलं, "जरा जाऊन येतो." आणि बाहेर येऊन टॅक्सी केली.

कारागिरांची वस्ती जवळच होती. डोंगराच्या उतारावर पडक्या भिंतींच्या रांगा, आणि त्यांच्या वर ते थडगं. अरुंद, उभ्या पायऱ्या होत्या. खाली जाताना वाकावं लागलं, शेवटी तर जवळजवळ बसतच गेलो. फोटो काढायला मनाई होती. रखवालदार दारातच थांबला. आत मी एकटा होतो.

मी तिथं जे पाहिलं ते पुढे पत्रात आहे, म्हणून इथं लिहीत नाही. खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी होती आणि मला बराच वेळ डोळे पुसावे लागले, एवढंच.

परतलो तेव्हा बस माझ्यासाठी खोळंबली होती.

"कुठं गेलतास?" मालक ओरडले.

"एक थडगं बघायचं राहिलं होतं."

"आनि एक?" वहिनी म्हणाल्या. "ह्येला मागं बसवा. एकट्याला."

मी मागच्या बाकावर बसलो. माझ्याबरोबर कागदात गुंडाळलेल्या फुलदाण्या होत्या. हॉटेलवर सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. खोलीतल्या जोडीदारानंतर माझा नंबर येईपर्यंत निघायची वेळ झाली, मी तसाच निघालो. कर्नाकच्या दरवाजाशी वहिनींनी मला हातानंच अडवलं. "तू भाईर थांब, बाबा. आत आमचं आमी बघतो." ज्या देवाला जगात आता कोणी हळदकुंकू वाहत नाही, त्याच्यासाठी ही शुचिर्भूत मंडळी ओल्या केसांनी आत गेली. तिथं दगडाचा एक मोठा भुंगा आहे, त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या की मनातलं होतं, असं गाइडनं सांगितलं होतं. फेऱ्या घालायला दुभाषा लागत नाही.

मी बाहेर एका पडलेल्या दगडावर बसलो आणि हॉटेलच्या कागदावर हे लिहिलं.

"तीर्थरूप सरांना साष्टांग नमस्कार.

सर, पाहिलं. भिंत पिवळी आहे, हळदीत थोडी माती कालवल्यासारखी. आभाळ नाहीच. निळा रंग फक्त पाण्याचा. शेताच्या कडेनं पाट आहेत, खाली खजुराची फळं धरलेली झाडं आहेत. बाई मागेच आहे, तुम्ही काढली तशी, आणि बीच टाकते आहे. केस काळेभोर. दोघांचे कपडे पांढरे, लांब, सणाचे.

बैल पांढरे नाहीत. बांडे आहेत, सर. अंगावर ठिपके-ठिगळं, आमच्या घरी होते तसे. तुम्ही खिल्लार काढले तेव्हा मी मनात म्हणायचो, असले बैल आमच्याकडे कुठले. आता म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडणार नाही. हा माणूस शेतकरी नव्हता. राजांची थडगी खोदून रंगवणाऱ्यांपैकी होता. मेल्यावर आपल्याला जमीन मिळावी, बैल मिळावेत, असं त्याच्या मनात होतं, म्हणून त्यानं हे भिंतीवर रंगवून घेतलं. आमच्या आबांनी मला शाळेत घातलं ते नांगर हातातून सुटावा म्हणून. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा मनुष्य मरताना तोच नांगर मागून गेला. माझे आईबाप इतिहासात आहेत असं तुम्ही म्हणाला होता. ते आहेत, पण दुसऱ्याच्या स्वप्नात आहेत.

मे महिन्यात रंग द्याल तेव्हा आबांना शाळेत बोलावून घ्या. ते बघताक्षणी सांगतील की नांगराला माणसाचा भार नाही, हा नुसता हात ठेवून उभा आहे. म्हणतील, दुरुस्त करा. तेवढं करू नका, सर; यानं कधी नांगर धरलाच नव्हता. बैल बांडे करा आणि त्याचा हात तसाच राहू द्या.

आपला विद्यार्थी."