पेटीतली शाल

आमच्या विहारात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात शाली असतात. कुणाला नोकरी लागली किंवा कुणी परीक्षा पास झालं, की रविवारच्या वंदनेनंतर पेटीतली एक शाल त्याच्या खांद्यावर घालतात आणि फोटो काढतात. मग तो माणूस शालीची घडी करून ती परत देतो. अभ्यासिका नवी होती तेव्हा दर वेळी नवी शाल परवडत नव्हती, म्हणून हे सुरू झालं. पुढे परवडायला लागलं तरी रीत तीच राहिली. शाली धुणं आणि इस्त्री करून पेटीत ठेवणं आईकडे. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा एक मातकट रंगाची शाल माझ्याही खांद्यावर आली होती. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. त्या फोटोत मी खाली बघते आहे.

अभ्यासिका म्हणजे विहारामागची लांबट खोली. बाबा मराठी शाळेत मास्तर होते. शाळेच्या आधी आणि नंतर ते इथे पोरांना गणित शिकवायचे. खोलीची किल्ली मात्र शेजारच्या काकांकडे. काका तहसील कचेरीत कारकून होते. आता दोघंही रिटायर आहेत, पण अभ्यासिकेतलं काम चालूच आहे. आदिलाबादची थंडी इकडच्या लोकांना सांगायला नको. त्या थंडीत काका मफलर गुंडाळून पहाटे कुलूप काढतात, झाडू मारतात, दिवे लावतात आणि पोरं येईपर्यंत बाहेर काटक्या पेटवून बसतात. त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नाही. पण पोरं आली आणि खोली बंद होती, असंही कधी झालं नाही.

बाबांची एक विद्यार्थिनी हैदराबादला एका विद्यापीठात शिकवते. ते विद्यापीठ सार्वजनिक कामातून देशाची सेवा करणाऱ्यांना दरवर्षी सन्मान देतं. तिनं बाबांचं नाव सुचवलं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. फोन आला तेव्हा बाबांना वाटलं, कुणीतरी फसवतंय. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी नोकरीला मंचेरियलला असते, पण तो शनिवार होता आणि मी घरी आले होते. पलीकडच्या बाई इंग्रजीत बोलत होत्या. मी ‘येस मॅडम’ म्हणत राहिले आणि शेवटी बाबांना सांगितलं की हे खरं आहे.

संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे चहाला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“देशाची सेवा? मास्तर, तू तर गुडीहत्नूरच्या पलीकडं जाचं म्हटलं तरी दोन दिवस आधी पिशवी भरतं.”

बाबा हसले नाहीत. “बडेबाबू, नाव मायं असलं तरी काम दोघाचं हाय. तिथं बोलाले देतीन, तवा तुयं नाव घेतो.”

“घेजो मंग,” काका म्हणाले. म्हणाले सहज, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते साऱ्या कॉलनीला कळलं होतं.

सोबत एकाच माणसाला नेता येणार होतं. आईचे गुडघे दुखतात. काका म्हणाले, पोरीला ने, तिला इंग्रजी येतं. माझ्या इंग्रजीवर त्यांचा जुना राग आहे. मास्तरची पोरगी इंग्लिश मीडियमला घातली, आणि ती मराठी पाटी वाचेपर्यंत बस निघून जाते, असं ते पाहुण्यांना सांगतात. मला ते ‘मॅडम’ म्हणतात.

भाषण बाबांनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं. काकांबद्दलचं वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा बदलायला लावलं. ‘किल्ली सांभाळणारा’ म्हटलं तर शिपाई वाटतो, ‘मदतनीस’ म्हटलं तर हाताखालचा वाटतो. शेवटी ‘माझ्या आधी तिथे पोचणारा माणूस’ असं ठरलं. बाबा ते वाक्य अंघोळ करतानाही म्हणायचे.

सभागृहात गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका मुलीनं सगळ्यांना ओळीत बसवलं आणि समजावलं. डावीकडून चढायचं, सन्मानाची शाल घ्यायची, फोटो काढायचा, उजवीकडून उतरायचं. कुणी बोलायचं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून त्या मुलीला विचारायला हवं होतं असं कुणाला वाटेल, पण विचारलं होतं. ती नम्रपणे म्हणाली, वेळ नाही. बाबांनी कागद सदऱ्याच्या खिशात होता तिथेच हातानं दाबला. त्यांची पाळी आली तेव्हा निवेदकानं त्यांची माहिती इंग्रजीत वाचली. या शिक्षकानं सीमाभागात एकट्याच्या बळावर अभ्यासिका चालवली, असं त्यात होतं.

कार्यक्रम फोनवर दिसत होता. विहारात सगळे जमून बघत होते. काका पुढे बसले होते. कचेरीत उभी हयात गेल्यामुळे तेवढं इंग्रजी त्यांना समजतं.

आम्ही परत आलो तेव्हा काकांनी बाबांचं अभिनंदन केलं, पेढा खाल्ला. मात्र संध्याकाळचा चहा बंद झाला. अभ्यासिका ते रोजच्या वेळेला उघडत, पण बाबा शिकवायला पोचेपर्यंत घरी निघून गेलेले असत. मग कळलं, त्यांनी विहाराच्या मंडळाच्या लोकांना सांगून ठेवलं आहे की थंडी सरली की किल्ली दुसऱ्या कुणाला द्या.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या फाटकाशी थांबले. तिथे कुणालाच बोलू दिलं नाही, असं सांगितलं. निवेदकानं वाचलेली माहिती आम्ही लिहिली नव्हती, हेही सांगितलं.

“हो, असंन,” काका म्हणाले आणि मंचेरियलच्या बसला गर्दी होती का ते विचारलं.

घरी बाबांना म्हटलं, तुम्हीच जाऊन सांगा. ते म्हणाले, “मी काऊन सांगू? इतक्या वर्षात त्यानं मले ओळखलं नाही का?” आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, दोघं एकाच मातीचे. तेवढ्यावर ते थांबलं.

मंडळानं रविवारी विहारात बाबांचा सत्कार ठेवला. वयानं सगळ्यांत मोठे म्हणून शाल काकांनी घालायची होती. नाही म्हणण्यासारखं नव्हतं. मी तबक धरून उभी होते. त्यात फुलं आणि पेटीतून काढलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली शाल. काकांनी कागद काढला, शाल झटकून उलगडली आणि मला तिचा हिरवा काठ दिसला. हैदराबादहून येताना सारा वेळ ती माझ्याच मांडीवर होती. काठावर विद्यापीठाचं चिन्ह आणि खाली इंग्रजीत विणलेली अक्षरं, राष्ट्राच्या सेवेसाठी.

काकांनी काठ डोळ्यांपासून लांब धरला. चष्मा वर केला, वाचलं, पुन्हा वाचलं.

“हे तं तुयीच शाल होय,” ते बाबांना म्हणाले. “पेटीत कोणं टाकली?”

बाबांनी बायकांच्या बाजूला पाहिलं.

“मी ठेवली,” आई म्हणाली. “ह्यायनं आल्या दिवशीच मायाजवळ देली. इस्तरी करून पेटीत ठेवजो म्हणे. मंग दुसरी कुठी ठेवू?”

“मले वाटलं, तुमी काचेत बसवून भितीले लावली असंन.”

“शाल का काचेत बसवाची चीज हाय, भाऊजी?”

बायका हसल्या. काका हसले नाहीत. ते शाल हातात धरून तसेच उभे राहिले. माझा हात तबकाच्या वजनानं दुखायला लागला होता. मग ते बाबांना म्हणाले, “पेटीत जमा केली, म्हणजे मास्तर, आता हे सरकारी माल झाली. तुले फक्त घालून पाहाले देऊन राह्यलो.”

“फोटोपुरती दे,” बाबा म्हणाले.

काकांनी शाल त्यांच्या खांद्यांवर घातली आणि काठ नीट केला, अक्षरं वर येतील असा. फोटो झाला. बाबांनी घडी करून शाल परत दिली. काकांनी ती स्वतः पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

संध्याकाळी ते चहाला आले. चहा पिता पिता त्यांनी आईला सांगितलं की इस्त्री जरा जास्त गरम झाली आहे, काठ एका जागी चुरमडला आहे. बाबांशी ते कापसाच्या भावाबद्दल बोलले. सन्मानाचा विषय कुणी काढला नाही. निघताना मला म्हणाले, “मॅडम, मंडळाच्या लोकाईले सांगजो, किल्लीचं राहू द्या म्हणा.”

मंडळाच्या लोकांशी बोलायचं मी शक्यतो टाळते. पण लगेच चप्पल घालून गेले आणि निरोप दिला. ते म्हणाले, आम्ही दुसरं कुणी शोधलंच नव्हतं.