आधी ठिपके, मग रेघ

तुळजा पाटील अंजूरची. वडिलांची भातशेती होती, तिथे आता गोदाम आहे. ती भिवंडीतल्या एका शाळेत गणित शिकवते आणि शनिवारी दुपारी दहावीची पाच-सहा मुलं घेऊन माझ्या बैठकीच्या खोलीत बसते, कारण शाळेत त्या वेळी वर्ग रिकामा नसतो. आकडे गोळा करायचे, आलेखावर मांडायचे आणि त्यांतून काय सांगता येतं ते पाहायचं, असा हा अभ्यासक्रमाबाहेरचा वर्ग. "याचे मार्क मिळत नाहीत," हे ती पहिल्याच दिवशी सांगून टाकते. मुलं तरी येतात.

गेल्या पावसाळ्यानंतर वर्गापुढे रुचिकाचा प्रश्न आला. तीही अंजूरची. शाळेत रोज उशिरा पोचायची, आणि घंटेनंतर येणाऱ्याची गैरहजेरी लागते. हजेरी अशीच घसरली असती तर बोर्डाचा फॉर्म मिळाला नसता. मुख्याध्यापक कर्णिकसर म्हणत, मुलगी आळशी आहे. रुचिका म्हणे, वाटेत दापोड्याला कंटेनरचे ट्रक अडकतात. तुळजा सरांना म्हणाली, "पंधरा दिवस द्या. मोजून दाखवते."

मुदत संपली तशी रुचिका आणि तिच्या वर्गातला कुणाल आलेख घेऊन आले. आडव्या अक्षावर कंटेनर, उभ्यावर उशिराची मिनिटं. सगळे ठिपके एका सरळ रेघेवर, माळेतल्या मण्यांसारखे. तुळजाने तो बराच वेळ पाहिला.

"आधी काय काढलंत? रेघ का ठिपके?"

"रेघ," कुणाल म्हणाला. "प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तसंच करतात ना, मॅडम. मग रेघेवरचं रीडिंग लिहायचं."

"आणि कंटेनर कोणी मोजले?"

कुणालने रुचिकाकडे पाहिलं, रुचिकाने आलेखाकडे.

"सोमवारपासून मोजायचे."

"आजून पंधरा दिवस माझी गैरहजेरी लागंल," रुचिका म्हणाली. "सरांना काय कळनार हाय?"

"मला कळलंय ना. घरातून निघाल्यापासून जे होईल ते वेळेसकट लिही."

तिने आलेख दुमडून पिशवीत टाकला आणि सरांकडे आणखी मुदत मागितली. सर म्हणाले, "तुमचं गणित बोर्डाच्या परीक्षेनंतर सुटेल, मॅडम." मुदत मात्र दिली.

या वेळी दापोड्याला राहणारा कुणाल खरोखर गॅलरीत उभा राहून मोजत होता. थर्माकोलवर आलेखाचा कागद लावला, ठिपक्यांच्या जागी टाचण्या टोचल्या. त्या सांडलेल्या तांदळासारख्या विखुरल्या. तुळजाने त्यांच्यामधून सुताचा दोरा ताणून धरला. दोरा जवळजवळ आडवाच राहिला. कंटेनर कमी असोत की जास्त, उशीर तेवढाच.

"म्हंजे सर बोलतात तेच खरं," रुचिका म्हणाली. "मीच आळशी."

"असं कुठं दिसतंय? कंटेनरमुळं न्हाय, एवढंच दिसतंय. वहीतला दुसरा रकाना काढ."

दुसऱ्या रकान्यात अंजूरच्या नाक्यावर थांबल्याची मिनिटं होती. हिरामणची रिक्षा तीन सीट भरल्याशिवाय हलत नसे. आता आडव्या अक्षावर ही मिनिटं मांडली. टाचण्या विखुरलेल्याच होत्या, पण दोरा चढत गेला. मग तिने मुलांकडून हिशेब करवून घेतला: प्रत्येक ठिपका रेघेच्या किती वर किंवा खाली आहे ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि ज्या रेघेला त्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येते ती रेघ खरी धरायची. सगळी दुपार त्यात गेली. थांबणं एका मिनिटाने वाढलं की उशीरही जवळपास मिनिटभर वाढत होता. एक ठिपका मात्र रेघेपासून फार वर होता.

"हा काढूया," कुणाल म्हणाला.

"राहू दे. बाजूला लिही, रिक्षा पंक्चर."

कर्णिकसरांचं बोट पहिल्यांदा त्याच ठिपक्यावर गेलं. बाजूचं वाचून त्यांनी आलेख पुन्हा सुरुवातीपासून पाहिला.

"मग काय, घंटा पुढे ढकलू?"

"नको सर. रिक्षा भरायची सोय केलीय."

रुचिकाने शहरातल्या दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या शेजारच्या दोघींना गाठलं होतं. तिघी मिळून हिरामणकडे गेल्या. "आमी आलो की निघायचं, काका."

"मलापन गनितात घातला का तुळजानं?" तो म्हणाला, पण निघू लागला.

सरांनी आधीची गैरहजेरी पुसली नाही. "इथून पुढे एकही नको," एवढंच म्हणाले. एकही लागली नाही, आणि फॉर्म मिळाला. रुचिका अजून दर शनिवारी त्या आलेखावर आठवड्याच्या टाचण्या टोचते. त्या खाली डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या आहेत.