जिवंत माणसाला आवतण

माझ्या डोक्यातली एक रक्ताची नळी इतरांसारखी नाही, हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. तोवर तिच्यामुळे काही अडलं नव्हतं.

मी पनवेलजवळच्या कोन गावची. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागते. भटजीच्या आधी तिचं गाणं. ती मांडवात बसून धवले गाते, देवांना बोलावते आणि मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला यायचं आवतण देते. आजा, पणजी, पाळण्यात गेलेलं पोर, सगळ्यांना. मी चौथी शिकलेली, पण हे काही पुस्तकातलं नव्हे. चुलत सासूच्या मागे बसून ऐकलं आणि उचललं. कुणाच्या घरातलं कोण गेलं आणि कोण आहे, हे मला आसपासच्या गावांचं तोंडपाठ होतं. त्याचा मला ताठा होता. कुणी नाव सांगायला आलं की मी म्हणायची, "मला नको सांगू, तुझ्या बापाला विचार मी किती जणांना बोलावलंय."

विमानतळाला जमिनी द्यायच्या की नाही यावरून आसपासच्या गावांत भांडणं चालली होती, त्या साली पनवेलच्या बाजारात सुकट घेताना डोक्यात वरवंटा घातल्यासारखं झालं आणि मी सुकटीच्या टोपलीवरच पडले. शुद्ध आली तेव्हा मी मोठ्या हॉस्पिटलात होते, अंगाला वास होता आणि नर्स नाकाला रुमाल लावून सुई टोचत होती.

मांडीतून तार घालून डोक्यातल्या नळ्यांचे फोटो काढले. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने पडद्यावर दाखवलं.

"आजी, मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त न्यायला माणसाला दोन नळ्या असतात. एक डावी, एक उजवी. तुमच्या दोन्ही मिळून एकच झालीय. जन्मापासून. पुढे तिला फाटा फुटतो, त्या फाट्यावर नळीला फुगा आलाय आणि तो जरासा फुटलाय."

"मग बांधा तो."

"चिमटा लावून बंद करणार आहे. पण ते करताना थोडा वेळ रक्त अडवावं लागतं. इतरांचं एकीकडून अडवलं तर दुसरीकडून येतं. तुमचं अडवलं की दोन्हीकडचं बंद. हे आधी दिसलं ते बरं झालं. माहीत नसताना कवटी उघडली असती तर नेहमीसारखाच हात चालवला असता."

मला कळलं. आमच्या आळीत आम्हाला आणि शेजारणीला पाण्याची एकच लाइन होती. आमचा कॉक बंद केला की ती हंडा घेऊन भांडायला यायची.

"अडून राहिलं तर काय जातं?" मी विचारलं.

"पाय जाऊ शकतात. आणि आठवण."

"पाय गेले तर जाऊ देत. मी बसून गाते."

माझा मुलगा बरोबर होता, तो बंदरावर कारकून आहे. तो घाईने म्हणाला, "भजन वगैरे करते ती."

"भजन नाय, लग्न लावते," मी म्हटलं. मुलाने खाली बघितलं. त्याला लाज वाटली, हे मला दिसलं.

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "गाणी बहुतेक राहतील. पण या जागेच्या ऑपरेशननंतर कधी कधी आठवणीत भोकं पडतात. मेंदू ती भोकं आपली आपणच बुजवतो, न घडलेल्या गोष्टींनी. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ते घडलेलंच वाटतं."

"मग कळायचं कसं?"

"तुम्हाला नाही कळणार. घरच्यांना कळेल."

ते कच्च्या डोक्याच्या माणसांसाठी असेल, असं मी धरून चालले.

ऑपरेशन झालं. पाय राहिले. केस अर्धे गेले होते, ते पदराखाली झाकले. घरी तांदूळ निवडताना मी सगळे धवले म्हणून बघितले. एक ओळ चुकली नाही. तरी सून म्हणाली, "आई, आता लग्न आहे, एकदा माझ्यासमोर नावं बोलून घ्या."

"तू मला शिकवतंस? तू या गावात आलीस कधी?"

ती उठून आत गेली.

गावातलंच लग्न होतं. नवऱ्या मुलाचा आजा पुढेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आल्यागेल्याला हुकूम सोडत होता. मी देव बोलावले. मग त्या घरातले मेलेले. पणजा, पणजी, आणि त्यांच्यामागून आजाचं नाव.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग तो म्हातारा खुर्चीतून ओरडला, "अगो बाय, मी हाय अजून! जेवून तरी जाऊ दे!"

सगळे हसले. मीही हसले असते तर तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, "थट्टा नको, दादा. तुमच्या बाराव्याला मी आलेली. बुंदी होती. तुमच्या धाकट्याने मला दुसऱ्यांदा वाढली."

हसणं बंद पडलं. नवऱ्या मुलाच्या आईने तोंडाला पदर लावला. नवरीकडची एक बाई मोठ्याने म्हणाली, "म्हातारीचं डोकं फिरलंय. शुभकार्यात हिला बसवली कोणी?"

मला तो माणूस समोर दिसत होता. त्याच्या हातात चहाचा कप होता. आणि मला बुंदीची चवही येत होती. दोन्ही एकाच वेळी. आयुष्यभर ज्या मांडवात माझ्याशिवाय काम अडायचं, तिथे आता मला उठवायचं कोणी, हे ठरत होतं.

म्हाताराच म्हणाला, "बसू द्या तिला. मेल्यावर मला बोलावणार तीच. आधी बोलावलं, त्यात काय?"

त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सून पुढे आली, माझ्याजवळ बसली आणि कानात एकेक नाव सांगू लागली. तिने घरच्या बायकांना विचारून घेतलं होतं. ती सांगेल ते मी गायले. कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. जेवायला थांबले नाही.

पुढे तपासणीला गेले तेव्हा सुनेने डॉक्टरला सगळं सांगितलं. मी भिंतीकडे बघत बसले. तो म्हणाला, "आजी, तुमच्या नळीचे फोटो शिकाऊ डॉक्टरांना दाखवायचे आहेत. अशी नळी क्वचित मिळते. डोकं उघडणाऱ्याने ती एकदा तरी बघितलेली असावी. नाव कुठे येणार नाही."

"दाखवा. पण मांडवातलं सांगू नका."

"तेच सांगायला हवं. म्हणजे ते घरच्यांना आधी नीट समजावतील."

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सून म्हणाली, "सांगा."

आता लग्न ठरलं की सून आधी त्या घरी जाऊन विचारून येते. गाणी माझी, नावं तिची. मागे बसून शिकणाऱ्या मुली तिच्याकडे बघतात, माझ्याकडे नाही.

तो म्हातारा पुढे वारला. मी बाराव्याला गेले होते म्हणतात. तिथे काय वाढलं, हे मी कुणाला सांगत नाही.

मग त्याच घरात त्याच्या नातीचं लग्न निघालं. पणजा झाला, पणजी झाली, आणि सुनेने कानात त्याचं नाव सांगितलं. माझा आवाज थांबला. समोर बायका वाट बघत होत्या. मी सुनेकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "खरंच गेला का गं?"

"खरंच, आई."

मग मी त्याला बोलावलं.