सर डोळ्यांनी बोलायचे

सरांच्या गोष्टी सांगायला बसले की मला थांबता येत नाही. एक सांगावी तर तिच्यामागून दुसरी येते, आणि ऐकणारा घड्याळ बघायला लागला तरी माझी तिसरी चालूच असते. गंमत म्हणजे ज्या माणसाच्या एवढ्या गोष्टी, तो दिवसाला जेमतेम वीस-पंचवीस शब्द बोलायचा.

सर मोठे भौतिकशास्त्रज्ञ. तारे हळूहळू थंड कसे होत जातात, यावर त्यांनी आयुष्य घालवलं. चाळिशीत नसांचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. राहिले फक्त डोळे. मग ते मांडवगण फराट्याला, थोरल्या भावाच्या मळ्यातल्या घरी राहायला आले. थोरले भाऊ म्हणजे आप्पा. मी याच गावची सून, लग्नाआधी दौंडला एका दवाखान्यात नर्स होते. गावातच नर्स आहे म्हटल्यावर आप्पांनी मला बोलावून घेतलं.

सरांकडे डोळ्यांवर चालणारा कॉम्प्युटर होता, पण तो इंग्रजी बोलायचा. त्याचा आवाज ऐकला की आप्पा उठून गोठ्यात जायचे. म्हणून घरात मराठीसाठी पाटी. आरपार दिसणारी, प्लास्टिकची, तिच्यावर क ख ग. मी ती आमच्या दोघांच्या मध्ये धरायची, सर पलीकडून एकेका अक्षराकडे बघायचे, मी ते ओळखून जोडायची. काना-मात्रा आपल्या आपण लावून घ्यायच्या. एका वाक्याला पाच-सात मिनिटं लागायची.

*

पहिल्याच दिवशी सर 'प'कडे बघायला लागले.

मी म्हटलं, "पाणी?" चमच्याने पाणी पाजलं. पुन्हा 'प'. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा 'प' म्हटल्यावर मी पाण्याचा तांब्याच आणायला निघाले, तर सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. म्हणजे 'नाही'.

मग मी गप्प पाटी धरून बसले. एकेक अक्षर येत गेलं. "पायावर मुंगी आहे."

मी बघेपर्यंत मुंगी गुडघ्याच्या वर पोचली होती. मी ती काढली, माफी मागितली. सर पुन्हा पाटीकडे बघायला लागले. या वेळी मी एकही शब्द मध्ये घातला नाही. वाक्य आलं, "आता तुम्हाला ऐकू यायला लागलं."

त्या दिवसापासून मी घरीही कुणाचं वाक्य मध्येच तोडत नाही. नवऱ्याला वाटतं, मी रुसलेय.

*

आप्पांना भावाचा अभिमान होता, पण त्याचं काम काय ते त्यांना कधी उमगलं नव्हतं. एकदा थंडीत संध्याकाळी ते टोमॅटोची रोपं बघून आले आणि सरांच्या शेजारी बसले. म्हणाले, "बाळ, एक इचारू का? तारे थंड व्हत्यात, ते कळून आपल्या रानाला काय उपेग?"

सर खिडकीतून आभाळाकडे बघत होते. दिवसभर ढग होते, ते नुकतेच निघून गेले होते. आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं होतं. मी पाटी धरली. "रोपं झाका."

"आरं, ढग गेलं. आता कशाला झाकू?"

सर बराच वेळ अक्षरं बघत राहिले. "ढग ही जमिनीची गोधडी. ती गेली."

 आप्पांनी उठून घरातल्या साड्या, पोती, जे हाताला लागेल ते नेऊन रोपांवर घातलं. सकाळी शेजारच्या मळ्यातली रोपं थंडीने काळी पडली होती. आप्पांची हिरवी होती.

त्यानंतर गावात कुणी विचारलं की आप्पा सांगायचे, "आमचा बाळ आभाळाची ऊब मोजतो."

इतकी वर्षं मोठमोठ्या लोकांनी सरांच्या कामाची ओळख करून दिली असेल, पण सर एवढे खूश झालेले मी तेव्हाच पाहिले.

*

शिरूरच्या एका कॉलेजात सरांचा सत्कार होता. व्हीलचेअर ढकलायला आमच्या शेजारचे बाबूमामा आले होते. उन्हाळ्याचे दिवस, हॉल गच्च भरलेला. एकामागून एक भाषणं झाली. जिद्द झाली, इच्छाशक्ती झाली, फिनिक्स पक्षीही होऊन गेला. शेवटी निवेदक म्हणाले, "आता सरांनी मुलांना एक संदेश द्यावा."

मी पाटी धरली आणि माइकमध्ये एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागले. ख. ड. क. सगळा हॉल श्वास रोखून बसला होता. मुलं वहीत अक्षरं उतरवून घेत होती.

वाक्य झालं, "खिडकी उघडा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदक तर भारावून गेले. म्हणाले, "मनाची खिडकी! केवढा मोठा विचार!"

सर अजून पाटीकडेच बघत होते. मी पुढची अक्षरं वाचली.

"डावीकडची."

*

कुरकुंभच्या एका कारखान्यात दत्ता नावाचा फिटर होता. उंचावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याची बायको मंगल त्याला टेम्पोत घालून आमच्याकडे घेऊन आली. सरांना म्हणाली, "तुमी काहीतरी सांगा ह्यांना. माझं ऐकत न्हाईत. जेवत बी न्हाईत."

दत्ता जमिनीकडे बघत बसला होता. मलाही वाटलं, आता सर काहीतरी असं बोलतील की मला ते लिहून ठेवावं लागेल.

सर म्हणाले, "पाटी हलते. स्टँड करून दे."

मंगलचा चेहरा पडला. दत्ताने मात्र पहिल्यांदा मान वर केली. माझ्या हाताकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. जाताना मंगलला म्हणाला, "धीर घ्यायला आलतो, ह्यांनी कामाला लावलं."

पंधरा दिवसांनी स्टँड आला. लोखंडी, छान रंग दिलेला. सरांनी बघितलं. "वाकडा आहे."

दत्ता तो घेऊन गेला. दुसरा आणला. "उंच आहे." तोही घेऊन गेला. चिडला होता, पण जाताना आमच्याकडे दोन भाकरी खाऊन गेला. मंगल दाराआड डोळे पुसत होती. तिसरा आणला तेव्हा सर म्हणाले, "आता बरोबर." दत्ता हसला. आज तो घराच्या पडवीत बसून वेल्डिंगची कामं करतो आणि गिऱ्हाइकावर ओरडतोसुद्धा.

तो गेल्यावर मी सरांना विचारलं, "पहिला खरंच वाकडा होता का हो? मला तर सरळ दिसत होता."

सरांनी डोळे मिटले. मग उघडले आणि पाटीवर सांगितलं, "सगळ्यात तोच चांगला होता."

हे मी दत्ताला अजून सांगितलेलं नाही.

*

मग सरांचे डोळेही थकायला लागले. दिवसाला चार-पाच शब्द, तेवढेच. डॉक्टरांनी बाहेर न्यायला मनाई केली. त्याच आठवड्यात सर म्हणाले, "दौंड स्टेशन."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "नेऊ या."

बाबूमामा सोबत आले. मामांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. दुपार कलली होती. प्लॅटफॉर्मवर एक लांबलचक गाडी उभी होती. मामांनी सरांची खुर्ची गाडीकडे तोंड करून लावली, ब्रेक लावला. आप्पांनी शाल नीट केली. सरांच्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं, नुसत्या खिडक्या.

मी पाटी धरली. गाडीच्या आड येऊ नये म्हणून मी जरा कडेला होते; तिच्यातून सरांना पलीकडची गाडी दिसत होती.

गाडी हलली. इतकी हळू, की आधी कळलंच नाही. खिडक्या सरकायला लागल्या आणि क्षणभर मलाही पायाखालची जमीन मागे गेल्यासारखी वाटली. सरांचे डोळे अक्षरांवरून फिरत होते, बऱ्याच दिवसांत फिरले नव्हते इतके भराभर.

मी वाचलं, "आपण निघालो."

आप्पांनी वाकून खुर्चीचं चाक बघितलं. "न्हाई रं बाळ, ब्रेक लावलाय."

मामांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. मग सरांच्या खुर्चीशी उकिडवे बसले आणि आयुष्यभर विचारत आले तसंच, अगदी सहज विचारलं, "कुठं उतरायचं, सर?"

डबे सरकत होते. ऊन-सावली सरांच्या तोंडावरून जात होती. मी पाटी घट्ट धरून एकेक अक्षर जोडत गेले.

"उतरायचं नाही."