गाडी थांबायची ते गाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

धारवाडहून लोंढ्याच्या बाजूला एक लहानसं स्टेशन होतं — नाव नको. कौलारू खोली, तिकिटाची एवढीशी खिडकी, चिंचेखाली दगडी बाक. मी त्या गावच्या शाळेत शिकवायची. तिकडे शिक्षिकेला 'अक्कोर' म्हणतात. धारवाडच्या सप्तापूरहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं जायची. उतरले की बाकावर गंगव्वा दिसायची, पेरूंची पाटी घेऊन हुबळीच्या गाडीची वाट बघत. नवरा नव्हता, दोन मुली माझ्याच शाळेत. "बर्री, अक्कोरे, या," म्हणत सरकून जागा द्यायची. तिच्या मुली, माझा सासुरवास — काय काय बोललो आम्ही तिथं! पुढे कुणाशी इतकं मोकळं बोलले मी?

पण त्या रोजच्या जाण्यायेण्याला मी कंटाळले होते. बदली मागत होते, मिळत नव्हती.

एकदा रेल्वेचा साहेब आला. गावात जत्रा होती, सगळे तिकडं; फलाटावर मी एकटीच. म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या आहात, खरं सांगा. इथं गाडी थांबायची गरज आहे का?"

स्टेशनच गेलं तर — गैरसोय दाखवून बदली मिळेल. त्याच क्षणी मनात आलं.

"कुणी चढत नाही हो," मी म्हणाले. "सगळे बसनंच जातात."

गावात बस येतच नव्हती.

एका बाईच्या शब्दानं स्टेशन बंद होतं का? नसेलही होत. पण मी बोलले ते त्यासाठीच — नाही का?

काही महिन्यांनी गाडी थांबेनाशी झाली. मला बदली मिळाली. गंगव्वा पाटी डोक्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत चालू लागली. पुढे तेही झेपेना, पेरूची झाडं दुसऱ्याला दिली. थोरली मुलगी हुशार. गाडीनं धारवाडच्या हायस्कुलात यायची होती. ती घरीच राहिली.

बदलीवर मी निघाले तेव्हा गंगव्वानं माझा हात धरला होता. "चलो आत्री — बरं झालं, अक्कोरे. तुमची तरी दगदग चुकली."

गेल्या महिन्यात मुद्दाम गेले. खोलीचं छप्पर पडलंय, फलाटभर गवत. गंगव्वा जाऊन बरीच वर्षं झाली. थोरली भेटली. "आमच्या अक्कोर," म्हणत तिनं आपल्या नातवंडांना माझ्या पाया पडायला लावलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.